नऊ खणांतला एक क्रॉस

"चाचा, ही गॅलरी बसायला बांधलीय की झोके घ्यायला?"

विचारलं मी, पण प्रश्न माझा नव्हता. मिसबाह आणि सोनल या माझ्या दोन मैत्रिणींनी तो मिळून तयार केला होता आणि पैज लावून माझ्या तोंडात घातला होता. "एवढी कॅडवाली झालीयस ना, मग विचार की जाऊन दस्तगीर चाचांना. नाही विचारलंस तर आठवडाभर आमच्या सायकली तू पुसायच्या." आता मी बारावीत आहे. तेव्हा नववीत होते, आणि त्या वर्षीच्या दिवाळीपासून मला कुणाची म्हणून भीती वाटेनाशी झाली होती. पैज लावायचा अवकाश, मी निघालेच.

जानेवारीतला बुधवार होता. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेसाठी आमच्या शाळेच्या मैदानावर लोखंडी गॅलरी उभी राहिली होती. उंचीला सात पायऱ्या, लांबीला खांबाखांबांमधले नऊ खण. सगळ्यात वर उभं राहिलं की कंपाउंडच्या पलीकडचा ऊस दिसायचा. शुक्रवारी दुपारी उद्घाटन, आणि सातशे माणूस बसणार म्हणून खराडे सर दोन दिवस नुसते पळत होते. हे आमचे खेळाचे सर. त्या दिवशी त्यांनी आठवी-नववीला गॅलरीवर बसवून सराव सामना लावला होता. मिसबाह चढाईला गेली, दोघींना हात लावून परत आली, आणि आम्ही सगळ्यांनी एकदम पाय आपटले.

तेव्हा गॅलरी डावीकडे गेली आणि परत आली. फार नाही, बोटभर. सगळी पोरं हसली. मग मुद्दाम पुन्हा पाय आपटले. दुसऱ्या वेळी ती परत यायला जरा वेळ लागला.

तर असा तो प्रश्न. दस्तगीर चाचा गॅलरीच्या टोकाला पाना घेऊन नटबोल्ट आवळत होते. गॅलरी त्यांच्याच वर्कशॉपमध्ये बनली होती. एरवी ते आमच्या चेष्टेला दुप्पट चेष्टेनं उत्तर द्यायचे. आज म्हणाले, "नवं लोखंड हाय. बसलं की गप हुईल." पण म्हणता म्हणता त्यांनी पाना खाली ठेवला. "तू जरा हिकडं ये."

ते मला गॅलरीच्या मागे घेऊन गेले. तिथं अंधार होता, आणि डोक्यावर शंभर-दीडशे पोरांचे पाय. फळ्यांच्या फटींतून माती गळत होती. पहिल्या खणात दोन तिरक्या पट्ट्या एकमेकींना छेदून मारलेल्या होत्या. चाचांच्या भाषेत क्रॉस. त्यापुढचे आठ खण मोकळे, नुसते उभे खांब.

"ह्यो क्रॉस एकाच खणात का गं?"

"पप्पांच्या नकाशाच्या प्रिंटमध्ये एकातच आहे ना?"

"हाय की. म्हणून तर तुला फोन केलेला. तुझ्या पप्पाचा फोन तूच उचलत होतीस तवा. मी इचारलं, बाकीच्या खणांत काय मारायचं का? तू म्हणालीस, प्रिंटमध्ये आहे तेवढंच करा चाचा, आपल्या मनानं वाढवू नका."

वाक्य माझंच होतं. शब्दन् शब्द. बोलताना मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, तेही आठवलं.

"मी म्हणलं, मगदूम साहेबानं हिशेब केला असंल काहीतरी. त्यांचा कागद कधी चुकत नाही." चाचांनी एका खांबाच्या बुडाशी बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर काळी पूड होती. "परवा उभी केली. दोन दिवसांत बोल्ट हलून घासायला आणि लोखंड खायला लागला. तू पप्पाला एकदा इचार. इचारशील न्हवं?"

वर पोरांनी पुन्हा पाय आपटले. चाचांनी माझा दंड धरून मला बाहेर ओढलं.

बाहेर मिसबाह म्हणाली, "काय म्हणाले?"

"म्हणाले, सायकली तुम्हीच पुसा."

त्या हसल्या. मीही हसले. पण मला घरी जायचं होतं.

माझे पप्पा नकाशे काढायचे. म्हणजे अजूनही काढतात. शेड, पाण्याच्या टाकीचं स्टँड, मंगल कार्यालयाचा मांडव, जे काही लोखंडात उभं करायचं असेल ते आधी पप्पांच्या कॉम्प्युटरवर उभं राहायचं. एसटी स्टँडच्या मागे एका खोलीत ऑफिस. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथं जाऊन बसायला लागले आणि तीन आठवड्यांत कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा प्रोग्राम, शिकले. पप्पा म्हणायचे, "माझ्या हाताला जे वर्षभर वळण लागलं नाही ते हिच्या बोटांना महिन्यात लागलं." हे ते चहावाल्यालाही सांगायचे. तोवर मी वर्गात सर्वसाधारण होते. ना पहिल्या दहात, ना खेळात, ना नाचात. त्या दिवाळीनंतर मी कॅडवाली ईश्वरी मगदूम झाले.

गॅलरीचा नकाशा पप्पांनी पूर्ण केला त्या संध्याकाळी ऑफिसातली लाईट गेली. बरोबर पेनड्राईव्हवर सेव्ह करतानाच. यूपीएसची बॅटरी कधीची मेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांना एका डोळ्यात काळा पडदा खाली उतरताना दिसायला लागला. गॅलरी, फाईल, सगळं तिथंच सोडून आई त्यांना सांगलीला घेऊन गेली. डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन त्याच रात्री झालं. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता. तो वर चढून पडद्याला दाबून धरतो, म्हणून मान कायम खाली पाहिजे. दोन आठवडे पालथं झोपायचं. जेवायला, बाथरूमला उठायचं तेही जमिनीकडे बघत. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हा झटकन उठला, धावला, वाकडातिकडा झाला, तर डोळा गेला समजा. पप्पांचा दुसरा डोळा लहानपणापासूनच अधू. जाड भिंगाच्या चष्म्याशिवाय त्याला वीतभर अंतरावरचं तेवढं दिसतं.

आणि इकडे चाचा प्रिंट मागत होते.

मी ऑफिसातून तो पेनड्राईव्ह आणून घरच्या लॅपटॉपला लावला. फाईल उघडेना. ड्रॉइंग वैध नाही, असा निरोप यायचा आणि बस. पप्पांनी एकदा शिकवलेलं मला आठवत होतं, बिघडलेली फाईल उघडायची वेगळी आज्ञा असते. ती दिली. दोनशे चौदा चुका सापडल्या, दोनशे चौदा दुरुस्त झाल्या, आणि काळ्या पडद्यावर रेघ रेघ करत गॅलरी उभी राहिली. मी एकटी होते घरात. तरी टाळ्या वाजवल्या.

फक्त जागोजाग कचरा होता. बाणाच्या टोकांशी, रेघांच्या शेजारी, इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, कंस, टिंबं, काहीतरी अर्थ नसलेलं. फाईल बिघडलेली होती, तेव्हा तोही बिघाडच असणार. मी एकेक करून पुसला. अकरा ठिकाणी. मोजून पुसला, कारण पप्पांना नंतर आकडा सांगायचा होता. सेव्ह केलं, नीट झालं की नाही म्हणून पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा सेव्ह केलं. प्रिंट काढून आणली. पप्पा दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्या पलंगाच्या टोकाशी खाली स्टूल ठेवून त्यावर ती मोठी प्रिंट पसरली.

"सगळं आलंय ना?" त्यांनी जमिनीकडे तोंड करून विचारलं. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली, चष्मा नाही.

"सगळं आलंय. दोनशे चौदा चुका होत्या."

"शाब्बास. सही कुठं?"

मी त्यांचं बोट धरून कोपऱ्यातल्या चौकटीवर ठेवलं. त्यांनी सही केली.

त्या बुधवारी घरी आले तेव्हा पप्पा तसेच पालथे होते. पलंगाच्या कडेबाहेर मान, कपाळाखाली आईनं शिवलेली गोल उशी, खाली फरशी.

"ईशू का? आज पाय ओढत आलीस."

"तुम्हाला पायांवरून कळतं?"

"दुसरं काय दिसतंय मला. या फरशीत चौपन्न ठिपके आहेत, धूसर का होईनात. शेजारच्या फरशीतले उद्या मोजणार. एकदम सगळी मजा संपवायची नाही."

मी फरशीवर बसले. "पप्पा, कॅडमधलं एक विचारू?"

"विचार की."

"समजा एकसारखे नऊ खण आहेत आणि प्रत्येकात तीच गोष्ट काढायचीय. नऊ वेळा कॉपी मारायची?"

"कशाला? सगळ्या रेघांचं जाळं होतं, वेल्डरला काही कळत नाही. एका खणात काढायचं, बाण ओढायचा आणि शेजारी लिहायचं, असंच बाकी सगळ्यांत. आम्हाला आयटीआयमध्ये पहिल्या महिन्यात शिकवलेलं."

"इंग्रजीत लिहायचं?"

"इंग्रजीत लिहिलं तर चाचांचे गडी काय ज्योतिषाला दाखवायला जाणार? मराठीत लिहायचं. मी कायम मराठीतच लिहितो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो जुना मराठी फॉन्ट ठेवलाय तो उगाच नाही." ते थांबले. "गॅलरीच्या नकाशात नाही का लिहिलंय? क्रॉसच्या बाजूला. बघितलं असशील."

मी फरशीवरचा एक ठिपका नखानं खरवडत बसले.

"काय गं?"

"लिहून घेतेय."

लिहून काहीच घेत नव्हते. मला वही कुठंय तेही आठवत नव्हतं.

कपाटावर जुन्या प्रिंटांच्या गुंडाळ्या होत्या. त्यातली एका गोदामाच्या शेडची काढली आणि आतल्या खोलीत पसरली. तिरक्या पट्ट्यांच्या शेजारी स्वच्छ मराठीत होतं, 'असाच क्रॉस सर्व खणांत मारावा.' मग त्याच शेडची फाईल लॅपटॉपवर उघडली. ती फाईल दोन वर्षांपूर्वीची, कधीही न बिघडलेली, एकही चूक नसलेली. ती सहज उघडली. आणि तिरक्या पट्ट्यांच्या शेजारी, त्याच जागी, डॉलरची खूण, कंस, टिंबं, इंग्रजी अक्षरं.

ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये तो फॉन्ट होता. घरच्या लॅपटॉपमध्ये नव्हता. एवढंच झालं होतं. मी पुसलं तो बिघाड नव्हता. ते पप्पांचं अक्षर होतं.

आणि अकरा ठिकाणी होतं. एक कळलं. उरलेल्या दहा जागी काय लिहिलेलं होतं? कॅड आधीची एक प्रत आपोआप ठेवतं, पण मी दोनदा सेव्ह करून तीही घालवली होती. पेनड्राईव्हवरही तीच पुसलेली फाईल. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तर ती कधी नव्हतीच, पप्पा काम थेट पेनड्राईव्हवरच सेव्ह करायचे. त्या दहा सूचना जगात एकाच ठिकाणी शिल्लक होत्या, बाहेरच्या खोलीत पालथ्या पडलेल्या माणसाच्या डोक्यात.

आई अंगणवाडीतून आली होती आणि भाकऱ्या थापत होती. मी तिला सगळं सांगितलं. हळू आवाजात, गॅसच्या आवाजाखाली. फोनवरचं सोडून. ते मी तेव्हा सांगितलं नाही.

आईची भाकरी तव्यावर करपली तरी तिनं उलटली नाही.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही अजून."

"सांगायचं नाही." तिनं गॅस बंद केला. "तुला तुझा बाप माहीत नाही का? मागच्या वर्षी शेडच्या कामात एक खांब वाकडा लागला म्हणून कळलं, तर जेवणावरनं उठून खरकट्या हातानं गाडीला किक मारलेली. हे ऐकल्यावर तो माणूस मान खाली घालून पडून राहील का? सरळ उठून मैदानावर जाईल."

"आई, सातशे माणसं बसणार आहेत."

"आणि तुझ्या पप्पांचे डोळे दोन आहेत, त्यातला एक असून नसल्यासारखा. उद्या दिसेनासं झालं तर काय काढतील ते? मंगळवारी तपासणी आहे. मंगळवारपर्यंत कळू द्यायचं नाही."

"शुक्रवारी उद्घाटन आहे."

आईनं करपलेली भाकरी तव्यावरून काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "सकाळी तू चाचांकडे जा. पप्पांनी सांगितलंय म्हण, सगळ्या खणांत मारा. चाचांना तेवढंच पाहिजे ना? झालं मग."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदच झाला. कुणाला काही कळणार नव्हतं.

बाहेरून पप्पांची हाक आली. "काय करपलं गं?"

"भाकरी," आई म्हणाली. "तुम्ही मान हलवू नका."

गुरुवारी शाळेच्या आधी मी वर्कशॉपवर गेले. चाचा नुकतेच दार उघडत होते. मी आईनं शिकवलेलं वाक्य म्हणून टाकलं. "पप्पांनी सांगितलंय, क्रॉस सगळ्या खणांत मारा."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "असं म्हणले?"

"हो."

"आणि खांबांच्या बुडाला? मैदानाची माती भुसभुशीत हाय. फळ्या टाकायच्या का लोखंडी प्लेटा? त्ये काय म्हणले?"

मला माहीत नव्हतं.

"वरच्या कठड्याचं? त्याला मागनं टेकू द्यायचा का? मला प्रिंटमध्ये कुठं काय लिहिलेलं दिसलं नाही. तवाच मनात आलं, साहेबाचा कागद एवढा मुका कसा."

मी पायानं खालचा लोखंडाचा कीस बाजूला सारला.

"पोरी," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "अर्धं धरलं आणि अर्धं मोकळं सोडलं तर मोकळं हाय तिथनं जातंय सगळं. कोण काय म्हणलं ते ऱ्हाऊ दे. मला साहेबाचा कागद पाहिजे. आज दुपारपतुर दिलास तर चार गडी लावतो, सोळा पट्ट्या आज कापतो, उद्या दुपारच्या आत बसवून देतो. पण कागद पाहिजे. अंदाजानं मी एक बोल्टसुदीक लावणार नाही आता."

शाळेत जाऊन मी खराडे सरांना गाठलं. ते गॅलरीसमोर उभे राहून वर झेंडे बांधणाऱ्या मुलांना ओरडत होते.

"सर, गॅलरी वापरू नका. नकाशात चूक आहे."

"कुणी सांगितलं?"

"मीच सांगतेय."

सर चिडले नाहीत. तेच जास्त वाईट होतं. "ईश्वरी, कमिटीला मी काय सांगू? नववीतली मुलगी म्हणते म्हणून तालुक्याची स्पर्धा थांबवली? नकाशावर तुझ्या पप्पांची सही आहे. त्यांना मला एक फोन करू दे. त्यांचा एक शब्द आला तर मी ही मुलं आत्ता खाली उतरवतो. त्यांच्या शब्दाशिवाय नाही उतरवता येत मला." मग घड्याळ बघून म्हणाले, "आणि चारला इथंच स्वागतगीताची तालीम आहे. एकशेवीस मुली बसवायच्यात पायऱ्यांवर. तू आहेस ना गाण्यात?"

मी नव्हते. मिसबाह आणि सोनल होत्या. मधल्या पायरीवर, मधोमध, उंचीप्रमाणे.

वर झेंडा बांधणारा एक मुलगा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारून गेला. एकच मुलगा. तरी टोकाचा खांब हललेला मला दिसला, आणि झेंडा वाऱ्याशिवाय थरथरला.

मधल्या सुट्टीत मी पोट दुखतंय म्हणून घरी आले. दीड वाजला होता. आई पप्पांच्या डोळ्यात थेंब घालायची तयारी करत होती. मला बघून तिनं मानेनंच नको म्हटलं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, जोरात.

मी दप्तर ठेवलं. पलंगाच्या टोकाशी गेले आणि फरशीवर उताणी झोपले, पप्पांच्या चेहऱ्याखाली. आठ दिवसांत त्यांचा चेहरा मी असा समोरून बघितलाच नव्हता. गालावर उशीचे वळ उठले होते. उघडा डोळा लाल झाला होता. आमच्यात वीतभर अंतर होतं. त्यांना मी स्पष्ट दिसत होते.

"अरे वा," पप्पा म्हणाले. "फरशीला तोंड फुटलं."

"पप्पा, मी एक सांगणार आहे. तुम्ही उठायचं नाही. ऐकायचं आणि पडून राहायचं. उठलात तर मी पुढचं सांगणार नाही, आणि पुढचं तुम्हाला ऐकावं लागणार आहे."

"ईश्वरी," आई म्हणाली.

"सांगू दे तिला," पप्पा म्हणाले.

मी सांगितलं. फॉन्टचं, कचऱ्याचं, अकरा जागांचं. गॅलरी दोनदा कशी गेली आणि दुसऱ्यांदा परत यायला किती वेळ लागला ते. चाचांच्या बोटावरची पूड. शेवटी फोनचं, जे आईलाही सांगितलं नव्हतं. "चाचांनी मला विचारलं होतं पप्पा. त्यांना शंका आली होती. मी म्हटलं, प्रिंटमध्ये आहे तेवढंच करा, वाढवू नका. मला माहीत नव्हतं. पण मी माहीत असल्यासारखं सांगितलं."

पप्पांची मान वर निघाली. खांदे ताठ झाले, पलंग कुरकुरला, आईच्या हातून थेंबांची बाटली पडली. मी दोन्ही हात वर केले आणि तळवे त्यांच्या कपाळाला खालून टेकवले. जोर नाही लावला. माझ्यात तेवढा जोर नव्हताच. नुसते टेकवून ठेवले.

"चाचा सगळं करायला तयार आहेत," मी म्हटलं. "सर मुलांना उतरवायला तयार आहेत. तुम्ही उठून काही जास्त होणार नाही. तुमच्या डोक्यातलं पाहिजे, तुम्ही नकोत."

त्यांच्या कपाळाला घाम आला होता. तो माझ्या मनगटावरून खाली आला. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यांचं डोकं माझ्या हातांवर जड झालं, हळूहळू, आणि पुन्हा उशीवर टेकलं.

"माझा फोन आण," ते म्हणाले. आवाज बसला होता. आईनं फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. खराडे सरांना ते एवढंच म्हणाले, "मगदूम बोलतोय. पोरांना खाली घ्या. कागद येईपर्यंत कुणी चढायचं नाही." पलीकडून सर काहीतरी विचारत होते. पप्पा म्हणाले, "कागदात कळेल," आणि आईनं फोन काढला.

मग मला म्हणाले, "वही घे. पहिली सूचना, क्रॉस. दुसरी, खांबांखाली प्लेटा, नुसत्या मातीवर टेकवायचं नाही. तिसरी..." आणि मधेच थांबले. "ऐक. नकाशाच्या कोपऱ्यात दुरुस्तीचे रकाने असतात. कधी केली, का केली, कुणी केली. का केली तिथं फक्त 'सुधारणा' एवढंच लिही. तुझं नाव कुठंही यायला नको. सही माझी आहे, बघितल्याशिवाय केलेली. ती चूक माझ्यावर राहू दे. तुला उद्या त्याच शाळेत जायचंय."

"ते बरोबर सांगतायत," आई म्हणाली. ती जमिनीवर बसून बाटली शोधत होती आणि रडत होती. "पोरं नावं ठेवतील गं तुला. दहावीपर्यंत सोडणार नाहीत."

मी वही उघडली. उताणी असल्यामुळे पेन नीट चालत नव्हतं, म्हणून उठून बसले, पण पप्पांना दिसेन एवढीच, त्यांच्या तोंडाशी तोंड आणून.

"बाकीच्या नऊ सांगा," मी म्हटलं. "मी लिहून घेते, मग नकाशा मी नव्यानं काढते. नऊच्या नऊ खणांत क्रॉस काढणार, जाळं झालं तरी चालेल. का केली त्या रकान्यात 'सुधारणा' नाही लिहिणार. तिथं लिहिणार, आधीच्या अकरा सूचना ईश्वरी मगदूमनं पुसल्या आणि विचारल्यावर चुकीचं उत्तर दिलं. प्रिंट घेऊन आधी चाचांकडे जाणार, मग चारच्या तालमीला खराडे सरांकडे, सगळ्या मुली असतील तेव्हाच. पप्पा, तुम्ही मंगळवारपर्यंत फरशी बघायची. आई, तू त्यांच्यापाशी बस. आज या घरातून बाहेर जाणार ती मी."